निकवॅक्सच्या दोन बाटल्या आणि सोलापूरचे पाणी : पावसाळी जॅकेटच्या धुलाईचे परीक्षण

पावसाळी जॅकेट धुतले की त्याचा वॉटरप्रूफपणा निघून जातो, ही समजूत सोलापुरातील ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींत इतकी पक्की आहे की सह्याद्रीतला चार महिन्यांचा चिखल, घाम आणि पुणे हायवेवरचा धूर अंगावर घेतलेली जॅकेटे ऑक्टोबरात नुसती झटकली जातात, कपाटात जातात आणि पुढच्या जूनमध्ये तशीच बाहेर निघतात. मग पहिल्याच मोठ्या पावसात खांद्याला ओल लागते आणि जॅकेट ‘गेले’ असा निकाल दिला जातो. हे परीक्षण ज्या दोन बाटल्यांविषयी आहे, त्या नेमक्या या टप्प्यावर उपयोगी पडतात : निकवॅक्स या ब्रिटिश कंपनीचे ‘टेक वॉश’ हे धुण्याचे द्रावण आणि त्याच कंपनीचे ‘टीएक्स डायरेक्ट’ हे कापडाला पुन्हा जलरोधक लेप देणारे द्रावण. आमच्या गटातील कमी-अधिक किमतीची आणि कमी-अधिक झिजलेली जॅकेटे यांनी धुऊन पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिली बाटली जवळजवळ प्रत्येकाने घ्यावी. दुसरी मात्र थांबून, कापडाची परीक्षा करून, गरज दिसली तरच घ्यावी. आणि सोलापूरपुरते बोलायचे तर या दोन्ही बाटल्यांपेक्षा अधिक लक्ष ज्या पाण्यात त्या ओतायच्या, त्या पाण्याकडे द्यावे.

हे मत पटण्यासाठी जॅकेट पाणी कसे अडवते, ते थोडे पाहावे लागेल. बाहेरून दिसते ते नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे कापड प्रत्यक्षात पाणी अडवीतच नाही. पाणी अडवण्याचे काम त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला अतिशय पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन करते. स्वस्त जॅकेटांत त्याऐवजी पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा लेप असतो, आणि शिवणींच्या छिद्रांवर आतून पट्टी चिकटवलेली असते. लेबलवर ५,०००, १०,००० असे जे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात, ते कापड पाण्याचा किती उंच स्तंभ पेलू शकते ते सांगतात, आणि ते सर्वस्वी या आतल्या थराचे श्रेय आहे. बाहेरच्या कापडाला कारखान्यातच एक वेगळा लेप दिलेला असतो, ज्यामुळे पावसाचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होतो आणि घरंगळून जातो. हा लेप मळाने झाकला गेला की बाहेरचे कापड पाणी पिऊ लागते. आतला पडदा तरीही पाणी अडवीतच असतो, पण बाहेर पाण्याचा गार थर बसल्यामुळे घामाची वाफ निसटू शकत नाही, ती आतल्या बाजूलाच थेंबांच्या रूपाने जमते, आणि चढावर घामाघूम झालेल्या माणसाला वाटते की जॅकेट गळते आहे. म्हणजे ‘गेलेल्या’ म्हणून बाजूला टाकलेल्या जॅकेटांपैकी पुष्कळशी केवळ मळलेली असतात.

मळ कुठे बसतो, हे पाहणेही उद्बोधक आहे. सगळ्यात आधी पाणी पिऊ लागते ते हूड आणि कॉलर, कारण आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावण्याची सवय आहे आणि पावसात हूड केसांना घासत राहते. त्यानंतर सॅकचे पट्टे ज्यावर घासतात ते खांदे, मग मनगटाच्या पट्ट्या, आणि सोलापूरकरांच्या बाबतीत खिसा, कारण कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी जॅकेटच्या खिशात ठेवून गड चढणारे लोक आमच्यात कमी नाहीत आणि चटणीचे तेल कागदातून पाझरतेच. तेलाचा हा मुद्दा आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. पूर्वीचे लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत आणि ते पाण्याबरोबर तेलही झिडकारीत. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटनच पावत नाहीत, म्हणून त्यांच्यावर एकामागून एक बंधने आली; त्यांतील पीएफओए या रसायनाचा स्टॉकहोम करारात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय करारात, समावेश २०१९ मध्ये झाला आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशी रसायने मुद्दाम वापरलेले बहुतेक कपडे विकण्यास मनाई झाली. त्यामुळे नवीन जॅकेटांवर येऊ लागलेले फ्लोरिनविरहित लेप पाणी चांगले झिडकारतात, पण तेलापुढे ते फारसे टिकत नाहीत. अलीकडे घेतलेले जॅकेट जुन्यापेक्षा लवकर ओले होते, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. तिचे कारण बहुधा हेच असावे, आणि त्यावरचा उपाय जॅकेट कमी वेळा नव्हे, तर अधिक वेळा धुणे हा आहे.

निकवॅक्स ही कंपनी निक ब्राऊन यांनी १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केली. तिचे पहिले उत्पादन चामडी बुटांना लावायचे मेण होते. तिच्या कोणत्याही लेपात फ्लोरिनयुक्त रसायने नाहीत. टेक वॉश हे डिटर्जंट नसून साबणाच्या जातीचे द्रावण आहे. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. घरातील डिटर्जंट पावडर मळ उत्तम काढते, पण तिचे जे अंश कापडात मागे राहतात, ते पाण्याला ओढून घेणारे असतात. चादरीत किंवा सदऱ्यात ते राहिले तर काही बिघडत नाही. जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर राहिले तर लेप शाबूत असूनही थेंब पसरतो. फॅब्रिक कंडिशनर तर त्याहून वाईट, कारण ते कापडावर थर ठेवण्यासाठीच बनवलेले असते. ब्लीच आणि डाग काढण्याची पावडर यांनाही जॅकेट बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मनाई करतात. द्रव डिटर्जंट थोडे वापरून दोनदा खळबळले तर चालते, असे गोअर-टेक्स या नावाजलेल्या मेम्ब्रेनच्या निगेच्या सूचनांतही म्हटलेले आहे. त्यामुळे टेक वॉशशिवाय गत्यंतरच नाही असा दावा मी करणार नाही. परंतु दोनदा खळबळण्याची ती अट सोलापुरात पाळणे किती कठीण आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता पाण्याचा मुद्दा. आपल्या शहराला नळाने येणारे पाणी मुख्यतः उजनीचे, आणि ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत जुळे सोलापूर असो की विजापूर रस्ता, अनेक सोसायट्या बोअरच्या पाण्यावर निभावतात. हे बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपत आलेले, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेले असते; बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर याच क्षारांचा. साबण आणि जड पाणी यांचे जमत नाही. क्षारांशी संयोग होऊन साबणाचा न विरघळणारा चोथा तयार होतो, तो फेस मारतो आणि कापडावर पांढरट चिकटून राहतो. टेक वॉश हे साबणच असल्याने त्यालाही हा नियम लागू आहे. म्हणूनच जड पाण्यात अधिक मात्रा घ्या, अशी सूचना कंपनीच करते. मात्र मात्रा वाढवणे म्हणजे बाटली लवकर संपवणे. त्यापेक्षा ज्या दिवशी नळाला पाणी येईल त्या दिवशी जॅकेट धुण्याचा बेत ठेवावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. पाणी किती जड आहे हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही : झाकणाच्या स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी आणि साबणाचा किसलेला कण टाकून जोराने हलवावे, फेस टिकला तर पाणी कामाचे, दह्याच्या पाण्यासारखे गढूळ झाले आणि फेस बसला तर त्या पाण्याने जॅकेट धुऊ नये. शेवटच्या खळबळण्यासाठी तरी उजनीचे पाणी राखून ठेवावे, आणि सप्टेंबरात, म्हणजे सोलापुरात सर्वाधिक पाऊस पडतो त्या महिन्यात, गच्चीवरचे स्वच्छ पावसाचे पाणी धरून ठेवता आले तर त्याहून चांगले पाणी नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते धुण्यासाठी साठवले जाते. फरशीसाठी ती सवय उत्तम, पण त्या पाण्यात मूळच्या पाण्यापेक्षाही क्षार दाट झालेले असतात.

धुण्याची पद्धत सोपी आहे, फक्त तीत घाई चालत नाही. खिसे रिकामे करावेत, शेंगाचटणीचा कागद आठवणीने काढावा, चेन आणि वेल्क्रो बंद करावेत, कॉलरवर आणि हूडच्या कडेवर थोडे टेक वॉश थेट लावून मऊ स्पंजाने चोळावे आणि मग कोमट पाण्याच्या टबात द्रावण मिसळून जॅकेट बुडवावे. लाल मातीचा चिखल वाळलेला असेल तर तो आधी साध्या पाण्याने भिजवून सोडवावा, ब्रशने खरवडू नये. पिळणे, आपटणे, धोपटणे या आपल्या धोबीघाटाच्या सर्व क्रिया इथे वर्ज्य आहेत, कारण पडदा आणि शिवणीवरची पट्टी दोन्ही दुमडून तुटतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. टब आणि बादलीही आधी नीट धुऊन घ्यावी. कालच्या कपड्यांची डिटर्जंट पावडर तिच्या तळाशी असली तर साबण बदलण्याचा सगळा उद्देश फसतो. यंत्रात धुणार असाल तर त्याच कारणासाठी डिटर्जंटचा कप्पा बाहेर काढून धुवावा लागतो. त्यात साचलेली कंडिशनरची साय पाहिली की ही सूचना का दिली जाते ते कळते.

यंत्राविषयी एक गंभीर सूचना द्यायला हवी. सोलापुरात पाणी मोजून वापरावे लागत असल्याने सेमी-ऑटोमॅटिक यंत्रे अजूनही पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांतील पिळणीच्या ड्रममध्ये ओले जॅकेट टाकण्याचा मोह होतो. जलरोधक कापडातून पाणी बाहेर पडू शकत नाही, ते जॅकेटच्या घडीत फुग्यासारखे अडकते, ड्रमचा तोल एकदम जातो आणि यंत्र जागेवरून उडते. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकांत जलरोधक कपड्यांविषयी जो इशारा असतो, तो याचसाठी. जॅकेट हँगरवर टांगून निथळू द्यावे. आपल्या ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत ते सावलीत किती लवकर वाळते, हे पाहिल्यावर पिळणीची आठवणही होत नाही. सावलीत म्हणण्याचे कारण असे की नायलॉन कडक उन्हात कमकुवत होत जाते; सोलापूरचे ऊन हे कुरडया-पापडांसाठी वरदान असले तरी जॅकेटसाठी नाही.

जॅकेट वाळले की मग परीक्षा. खांद्यावर, हूडवर, बाहीवर आणि पाठीवर पाण्याचे थेंब टाकावेत, काही मिनिटे थांबावे आणि ते काय करतात ते पाहावे. थेंब गोल राहिला आणि जॅकेट झटकताच उडाला तर लेप जिवंत आहे. थेंब चपटा झाला पण कापडात शिरला नाही, तर लेपाला उष्णता हवी आहे. आणि कापड गडद होऊन थेंब शोषला गेला, तर लेप झिजलेला आहे. ही परीक्षा सोलापुरात कुणाला शिकवावी लागू नये. टॉवेलचे कारखाने याच्या नेमकी उलट परीक्षा घेतात : ताज्या विणलेल्या सुती कापडात कापसाचे नैसर्गिक मेण आणि सुताला दिलेली खळ असते, त्यामुळे ते पाणी घेत नाही, प्रोसेस हाऊसमध्ये ते मेण आणि खळ काढून टाकल्यावर टर्किश टॉवेलवर थेंब सोडतात आणि तो नाहीसा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. टॉवेलच्या धंद्यातल्या एका मित्राने माझ्या जॅकेटवर थेंब टाकून पाहिला तेव्हा तो म्हणाला, “हा माल आमच्याकडे आला असता तर आम्ही परत पाठवला असता.” जॅकेटची त्याहून चांगली पावती मला मिळालेली नाही.

ही पावती मिळाली तेव्हा दुसरी बाटली उघडलेलीही नव्हती, आणि या परीक्षणातील माझा मुख्य मुद्दा हाच आहे. टेक वॉशने नीट धुऊन, पुरेसे खळबळून आणि मग उष्णता देऊन झाल्यावर एक-दोन हंगाम वापरलेल्या जॅकेटांपैकी बहुतेकांवर थेंब पुन्हा उभा राहतो. उष्णतेचे काम असे की लेपातील रेणूंची बाहेर उभी असलेली टोके घासून आणि धुऊन आडवी पडतात, ती उष्णतेने पुन्हा उभी राहतात. परदेशात यासाठी टम्बल ड्रायर वापरतात. आपल्याकडे तो क्वचित घरी असतो. लेबलवर इस्त्रीची खूण फुलीशिवाय असेल तर इस्त्री चालते : सर्वांत कमी तापमान, वाफ बंद, जॅकेट पूर्ण वाळलेले आणि मध्ये सुती कापड. चेन, रबरी छपाई, चमकणाऱ्या पट्ट्या आणि शिवणीची आतली बाजू वगळून इस्त्री हलकी फिरवत राहावी, एका जागी थांबवू नये. मध्ये घालायला पातळ पंचा उत्तम. जाड टर्किश टॉवेल घातला तर उष्णता पलीकडे पोहोचतच नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे मात्र जॅकेट देऊ नये. कोळशाच्या इस्त्रीचे तापमान त्याच्या हाताच्या अंदाजावर चालते, आणि तो अंदाज कितीही मुरलेला असला तरी तो सुती सदऱ्यांचा असतो. नायलॉन त्या तापमानाला आकसते आणि शिवणीची पट्टी सुटते. इस्त्री जमत नसेल तर केस वाळवण्याचा ड्रायर थोड्या अंतरावरून फिरवता येतो, पण संपूर्ण जॅकेटला त्याने एकसारखी उष्णता देण्यास चिकाटी लागते.

एवढे करूनही थेंब शोषला जात असेल, तरच टीएक्स डायरेक्टची पाळी येते. आमच्याकडील जॅकेटांत ती आली ती मुख्यतः वर्षानुवर्षे जड सॅक वाहिलेल्या खांद्यांवर आणि दुचाकीवर रोज वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या जॅकेटवर. हे द्रावण दोन प्रकारांत मिळते, पाण्यात मिसळून धुण्याचे आणि फवारण्याचे. ज्या जॅकेटला आतून घाम शोषणारे अस्तर आहे त्याला पाण्यात मिसळण्याचा प्रकार योग्य नाही, कारण लेप अस्तरालाही बसतो आणि ते घाम घेईनासे होते. अशा जॅकेटला फवारा घ्यावा. अस्तर नसलेल्या, आतून गुळगुळीत जॅकेटला पाण्यात मिसळायचा प्रकार चांगला, कारण तो शिवणीच्या खाचांतही पोहोचतो. जॅकेट धुतल्यानंतर ओले असतानाच हे करायचे असते, त्यामुळे आधी वाळवून परीक्षा घेतली असल्यास पुन्हा भिजवावे लागते. दुधासारखे पांढरे द्रावण टबात ओतून जॅकेट त्यात बुडवावे, हातमोजे घालून प्रत्येक भाग खालीवर करावा, काही मिनिटे तसेच ठेवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. फवाऱ्याचे काम अधिक कौशल्याचे : बाटली जवळ धरली की लेप डागांच्या रूपाने बसतो, पांढरे ओघळ लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे लागतात. खांदे आणि हूड एवढ्याच भागांना लेप हवा असेल तर मात्र फवारा काटकसरीचा ठरतो. या लेपाला उष्णता दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही, तो नुसत्या हवेत वाळूनही बसतो. ड्रायर नसलेल्या आपल्यासारख्या घरांसाठी हा गुण मोठा आहे.

लेप दिल्यावर थेंब नव्या जॅकेटसारखा उभा राहतो, हे मी पाहिले आहे. तो कारखान्यातल्या मूळ लेपाइतका टिकेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. सॅकच्या पट्ट्याखालचा भाग सर्वांत आधी पुन्हा पाणी धरू लागतो, आणि हा दोष बाटलीचा नसून घर्षणाचा आहे. जो माणूस जून ते सप्टेंबर दर रविवारी राजगड-तोरण्याच्या वाटेवर असतो, त्याने दर हंगामाच्या शेवटी धुणे आणि हंगामाच्या मध्ये एकदा नुसते टेक वॉश करणे, एवढे तरी धरून चालावे. ज्याचे जॅकेट वर्षातून एकदा हिमालयात आणि बाकी वेळा हिवाळ्याच्या पहाटे नान्नजच्या माळावर पक्षी पाहताना वारा अडवण्यापुरते बाहेर निघते, त्याला दुसरी बाटली कित्येक वर्षे लागणार नाही.

इथे सोलापूरकर एक रास्त प्रश्न विचारतो, आणि तो मलाही विचारला गेला : आपल्या शहरात इतकी प्रोसेस हाऊस आहेत, कापडाला जलरोधक फिनिश देण्याची रसायने त्या धंद्यात मिळतात, मग इंग्लंडची छोटीशी बाटली कशाला? उत्तर असे की ती रसायने सपाट, न शिवलेल्या कापडासाठी असतात. कापड द्रावणातून काढून रोलरखाली दाबतात आणि मग स्टेंटरमध्ये, म्हणजे कापड ताणून गरम हवेने तापवणाऱ्या यंत्रात, साधारण दीडशे अंशांच्या वर नेऊन लेप पक्का करतात. शिवलेल्या जॅकेटला ते तापमान देणे म्हणजे शिवणीच्या पट्टीचा गोंद वितळवणे, आणि ते तापमान न देता रसायन नुसते लावून वाळवले तर लेप पक्का होतच नाही, एक-दोन पावसांत धुऊन जातो. शिवाय अशा फिनिशपैकी बरीचशी वर सांगितलेल्या फ्लोरिनयुक्त जातीची असतात. ती उघड्या हाताने घरच्या टबात मिसळणे मला पटत नाही. बुटांसाठी किंवा छत्रीसाठी मिळणारा सिलिकॉनचा फवाराही जॅकेटवर मारू नये; तो थेंब उभा करतो खरा, पण कापडाचा श्वास कोंडतो.

लॉन्ड्रीचा पर्यायही तपासून पाहिला. शहरातील एका लॉन्ड्रीत जॅकेट देताना डिटर्जंट पावडर आणि कंडिशनर नको असे सांगितले होते, तरी ते परत आले तेव्हा सुगंधाने घमघमत होते आणि त्यावर पडलेला थेंब क्षणात पसरला. टेक वॉशने दोनदा धुतल्यावर ते पूर्ववत झाले, म्हणजे नुकसान कायमचे नव्हते. ड्राय क्लीनिंगला मात्र देऊच नये. बहुतेक जॅकेटांच्या लेबलवर वर्तुळावर फुली असते, तिचा अर्थ हाच. त्यातील द्रावके लेप आणि चिकटवलेले थर दोन्हींना घातक ठरू शकतात. लॉन्ड्रीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे येणाऱ्या कपड्यांत असे जॅकेट क्वचितच असते आणि इतर प्रत्येक कपडा सुगंधी परत यावा अशीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते.

किमतीचे बोलायचे तर बाटली काही शे रुपयांत जाते आणि घरच्या पावडरच्या तुलनेत ती महागच आहे. तीनशे मिलिलिटरची बाटली एकट्याने घेण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून एक लिटरची घ्यावी आणि एकाच दिवशी सर्वांची जॅकेटे धुवावीत, हे पैशांच्या आणि पाण्याच्याही दृष्टीने शहाणपणाचे आहे, कारण एकाच टबातील द्रावण दोन-तीन जॅकेटांना पुरते. मात्र सर्वांत स्वच्छ जॅकेट आधी, आणि दुचाकीवरचे सर्वांत शेवटी घ्यावे. सोलापुरातील खेळाच्या साहित्याच्या दुकानांत ही द्रावणे मला दिसली नाहीत. ऑनलाइन मागवावी लागतात किंवा पुण्याला जाणाऱ्याला सांगावे लागते. ग्रेंजर्स या १९३७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचीही याच प्रकारची जोडी मिळते, आणि डेकॅथलॉन आपल्या नावाने जलरोधक फवारा विकते. लेबल वाचून त्यांतील कोणतेही घेण्यास हरकत नाही. धुण्याचे आणि लेपाचे काम एकाच बाटलीत करणारी द्रावणेही मिळतात, परंतु मला ती आपल्या उपयोगाची वाटत नाहीत. धुतल्यानंतर थांबून परीक्षा घेण्याची संधी त्यांत हुकते, आणि ज्या जॅकेटला लेपाची गरजच नाही त्यावरही तो चढवला जातो.

पिसांचे, म्हणजे डाऊन जॅकेट या बाटल्यांनी धुऊ नये. त्यासाठी निकवॅक्सचेच वेगळे द्रावण आहे आणि वाळवण्याची पद्धतही अगदी वेगळी आहे. फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचे जॅकेट, मात्र टेक वॉशने निर्धास्त धुवावे.

खरेदी करण्यापूर्वी जॅकेट आतून उलटे करून उजेडात पाहावे, हे शेवटचे आणि सर्वांत कमी केले जाणारे काम. शिवणीवरची पट्टी एखाद्या ठिकाणी सुटलेली असेल तर शिवण बंद करण्याचा पॉलियुरेथेन गोंद मिळतो आणि ती जागा दुरुस्त होते. पण आतला लेप हाताला चिकट लागत असेल, त्याचे पापुद्रे निघत असतील आणि आंबट वास येत असेल, तर पॉलियुरेथेनच विघटित होऊ लागलेले आहे. उष्णता आणि दमटपणा यांनी ते होते; मार्च ते मे पत्र्याच्या खोलीत ओलसर घडी करून, पिशवीत कोंबून ठेवलेल्या जॅकेटांत ते लवकर दिसते. अशा जॅकेटवर कोणतीही बाटली चालत नाही, कारण बाटली बाहेरच्या कापडासाठी आहे आणि बिघाड आतल्या थरात आहे. बाटलीचे पैसे नव्या जॅकेटसाठी ठेवावेत आणि ते नवे जॅकेट पूर्ण वाळवून, घडी न करता, घरातल्या सर्वांत थंड खोलीतील कपाटात हँगरला टांगावे.